पुसतां न येणारी पाटी

मराठी भाषेंत 'पाटी' हा शब्द मोठा मौजेचा आहे. शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या हातांत असते ती पाटी, आणि घराच्या दारावर लाविलेली असते तीहि पाटीच. पहिलीवरचें लिखाण ओल्या फडक्याच्या एका हातासरशीं नाहींसें होतें; दुसरीवरचें नांव पुढच्या पिढीनेंहि वाचावें अशी लावणाराची इच्छा असते. चौतीस वर्षें माझा व्यवहार पहिल्या पाटीशीं झाला. दुसरीशीं गांठ पडली ती सेवानिवृत्तीनंतर, गेल्या मार्गशीर्षांत. त्या एका महिन्यांत जें शिकलों तें आपल्या वाचकांस सांगावें, कोणास हौस वाटल्यास त्याचा उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आरंभीं एक क्षमायाचना. माझें शुद्धलेखन जुन्या वळणाचें आहे. १९६२ सालीं शासनमान्य झालेल्या नियमांनीं न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, आणि वर्गांत मीं तेच नियम निष्ठेनें शिकविले. परंतु घरीं लेखणी हातांत घेतली कीं वडिलांनीं गिरवून घेतलेले ते ठिपके आपोआप उमटतात. शुद्धलेखनाचा हा अभिमान पुढें मला कोठें नडला तें लवकरच दिसेल.

आमचें घर मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें आहे. गांव लहान, कर्जतहून मुरबाडास जाणाऱ्या रस्त्यावरचें. परंतु पौषी पौर्णिमेस भरणाऱ्या म्हसोबाच्या यात्रेमुळें आणि त्या वेळच्या बैलबाजारामुळें त्याचें नांव दूरवर ठाऊक आहे. यात्रेच्या निमित्तानें आमचें विखुरलेलें कुटुंबहि एकत्र येतें. धाकटे बंधु डोंबिवलीस, पुतणे पुण्यास, बहिणी आपापल्या घरीं. पण पौर्णिमेस ओटीवर पानें मांडावयास जागा पुरत नाहीं. या घराच्या दारावर वडिलांच्या नांवाची पत्र्याची पाटी होती. आमच्याकडच्या पावसानें तिचीं अक्षरें केव्हांच धुऊन नेलीं होतीं, आणि उरल्या पत्र्यास गंजानें चाळणी केली होती. थोरल्या बंधूंनीं ती शेवटपर्यंत काढूं दिली नाहीं. ते गेले, आणि गेल्या दिवाळींत एका रात्रीं पाटी आपणहून खालीं आली.

दारावर आतां नांव कोणाचें घालावयाचें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत दिसतो तितका सोपा नसतो. धाकटे बंधु म्हणाले, "दादांच्या मागें घरांत वडील तुम्हीच, तुमचें नांव घाला." पुतण्याचें म्हणणें असें कीं, कल्याणांत यंत्रावर कापलेलीं प्लास्टिकचीं अक्षरें तयार मिळतात, आडनांव लावून टाकावें, वाद नको. मीं तोंडानें "माझें नांव कशाला?" असें म्हटलें, परंतु खरें सांगावयाचें तर मनांत तें नांव कसें दिसेल याची आखणी त्याच क्षणीं सुरू झाली होती.

पाटी लांकडाची करावी आणि ती मीं स्वतः करावी असें ठरविलें, त्यास कारण झालें तें माळ्यावर पडलेली झोपाळ्याची फळी. कडीजवळ चीर गेल्यामुळें ती काढून ठेवलेली होती. अस्सल साग, दीड इंच जाडीचा. वडील तिजवर बसून पंचांग पाहात. पुढें थोरले बंधु वर्तमानपत्र वाचीत. चिरलेलें टोंक वगळतां तीन फूट लांब व अकरा इंच रुंद एवढें निर्दोष लांकूड हातीं लागत होतें. अशी दुसरी फळी मिळणार नाहीं, हें मला ठाऊक होतें.

गांवांत एक सुताराचा कारखाना आहे. तो चालविणारा तरुण—आतां चाळिशीचा गृहस्थ—माझा जुना विद्यार्थी. मी फळी घेऊन गेलों तेव्हां त्यानें रंगाच्या पुडींत माखलेलें सूत एका लांकडावर ताणून धरिलें होतें. तें त्यानें मध्यें उचलून फटकन् सोडलें, आणि सरळ रेघ उमटली. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' या शब्दापासून झाला, असें मी वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों होतों. तें सूत्र धरतांना पाहिलें तें प्रथमच. वर्धा येथें १९३७ सालीं भरलेल्या शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगांतून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. तिजवरील प्रश्नाचें उत्तर मीं प्रशिक्षणाच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं लिहिलें आहे. पटाशी मात्र कधीं हातांत धरिली नव्हती.

लेखनाचे मूळ प्रकार दोन. संस्कृतांत 'लिख्' या धातूचा जुना अर्थ ओरखडणें, कोरणें असा आहे. 'लिपि' हा शब्द आपल्या परंपरेंत ज्या 'लिप्' धातूपासून सांगतात त्याचा अर्थ लिंपणें. दगडावर 'टंक' म्हणजे छिन्नी चालविणें हा एक मार्ग, आणि पानावर शाई माखणें हा दुसरा. चांगल्या पाटीस दोन्ही लागतात. रोम येथें इ. स. ११३ मध्यें उभारलेल्या ट्रेजन स्तंभाच्या पायथ्याशीं जो शिलालेख आहे, त्याचीं अक्षरें आजहि आदर्श मानितात. तीं आधीं रुंद कुंचल्यानें रंगवून मग कोरलीं असावींत, असें एडवर्ड कॅटिच या अभ्यासकानें १९६८ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. तात्पर्य, हत्यार उचलण्यापूर्वीं अक्षर पुरतें काढलें पाहिजे.

तेवढें काम आपल्या हातचें, असें समजून मीं घरीं बसून टोंकदार कडक पेन्सिलीनें फळीवर दोन ओळी काढल्या. वर आडनांव, खालीं माझें संपूर्ण नांव आणि 'निवृत्त शिक्षक'. वळण उत्तम साधलें होतें. विद्यार्थ्यानें ती फळी उजेडांत धरिली, कांहीं वेळ पाहिली आणि अदबीनें म्हणाला, "गुरुजी, अक्षरें सुरेख आहेत, पण लांकडाला जमणार नाहींत." त्याचें म्हणणें असें: यंत्राच्या पात्यास स्वतःची जाडी असते. अक्षर लहान असेल तर त्याच्या पोटांतली मोकळी जागा पात्याच्या दोन वाटांमध्यें अडकून तुटून पडते. शिवाय देवनागरी अक्षर शिरोरेघेस टांगलेलें. वर रेघ, खालीं गांठी, मध्यें काना. लहान आकारांत सारें एकमेकांत मिसळतें. दारापासून आठ-दहा हातांवरून वाचावयाचें तर अक्षर पांच इंचांचें हवें. "या फळीवर एकच शब्द बसेल. कोणता तें तुम्हीं ठरवा."

मी फळी घेऊन घरीं परतलों. रात्रीं जेवणें झाल्यावर वहिनींस हकीगत सांगितली. त्या या घरांत सून होऊन आल्या त्यास आतां पंचेचाळीस वर्षें होतील. घरांतील प्रत्येक बाळंतपण, आजारपण आणि पाठवणी त्यांच्या हातून झाली आहे. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एकच शब्द बसणार असेल तर 'माहेर' घाला."

मला आश्चर्य वाटलें. मीं म्हटलें, "वहिनी, तुमचें तर हें सासर."

"माझें सासरच. पण या उंबऱ्यांतून सात मुली गेल्या. तुमच्या चार बहिणी, माझ्या दोन, धाकट्या भाऊजींची एक. आडनांव गेलें, कागदावरचें नांव गेलें. त्यांचें म्हणून या घरावर एक अक्षर तरी असूं द्या."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. 'माहेर' हा शब्द 'मातृगृह' यापासून झाला, हें मी वर्गांत सांगत असें; त्या घराच्या दारावर तो कधीं लिहावा हें माझ्या मनांत आलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं एक गोष्ट आठवली. आमच्याच तालुक्याच्या सीमेवर, कोंकणांतून जुन्नरास चढणारा प्राचीन नाणेघाट आहे. त्याच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहेत. त्यांतील अंकांचा अभ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ सालीं प्रसिद्ध केला, म्हणून ते लेख विद्वानांत विख्यात आहेत. परंतु मला आठवली ती मागची भिंत. तेथें राजकुटुंबाच्या मूर्ति ओळीनें होत्या. मूर्ति आतां नाहींत, पायांचे कांहीं अवशेष मात्र राहिले आहेत. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कोरलेल्या नांवांवरून कोण कोठें उभें होतें तें कळतें. राजा सिमुक सातवाहन, मग देवी नायनिका, जिला आपण नागणिका म्हणतों, व तिच्याच ओळींत राजा श्रीसातकर्णि, पुढें राजकुमार, आणि त्यांच्याच पंक्तींत महारठी त्रणकयिर. हा महारठी नागणिकेचा पिता असावा असें विद्वान् मानितात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं आमच्या शेजारच्या घाटांत एका सुनेचें नांव पतीच्या नांवाआधीं कोरलें गेलें, आणि तिचें सासर व माहेर एका भिंतीवर नांदलें. आमच्या दारावर मात्र तीन पिढ्या पुरुषाखेरीज नांव नव्हतें. मीं पॉलिश-पेपर घेतला, माझें नांव घांसून काढलें आणि त्या जागीं 'माहेर' आंखलें.

आतां प्रत्यक्ष कृतीविषयीं. विद्यार्थ्याकडे विजेवर चालणारा हातराउटर आहे. मुठींत मावेल एवढी मोटर, खालीं सपाट बैठक, आणि बैठकीच्या मध्यांतून बाहेर डोकावणारें पातें. हें पातें मिनिटाला २५ ते ३० हजार फेरे घेतें. हें यंत्र येण्यापूर्वीं असें काम पटाशीनें व कोरणीनें होई, आणि खांचेचा तळ सारखा करण्यास एकच पातें पुढें आलेला एक लहानसा रंधा वापरीत. इंग्रज सुतार त्यास थट्टेनें 'म्हातारीचा दांत' म्हणत. अक्षरासाठीं आम्हीं व्ही-आकाराचें पातें घेतलें. त्यानें पडलेल्या उतरत्या खांचेंत सावली धरते, म्हणून अक्षर रंगाशिवायहि वाचतां येतें. सागांत वाळूच्या जातीचा बारीक कण असतो. त्यानें साध्या पोलादाची धार लवकर जाते, यास्तव पातें कार्बाइडचें असावें.

जुन्या लांकडावरून प्रथम लोहचुंबक फिरवावा. आमच्या फळींत कडीच्या भोंकाशेजारीं मोडलेल्या खिळ्याचें टोंक निघालें. तें पात्यास लागतें तर पातें फुटून उडालें असतें. डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडकें, सदऱ्याच्या बाह्या घट्ट. उपरणें, सैल धोतर किंवा लोंबती साडी यंत्राजवळ नको. लांकूड शिकंज्यांत आवळावें, हातानें धरूं नये. पाव इंच खोली एका दमांत घेऊं नये. सुतारी भाषेंत एका वेळीं एक सूत, असें दोन वेळांत दोन सूत घ्यावें. यंत्र एका जागीं थांबलें कीं लांकूड जळून काळा डाग पडतो, यास्तव तें संथपणें पण चालतें ठेवावें.

सर्वांत मोठी शिकवण यंत्राच्या ओढीची. वरून पाहतां पातें घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतें. म्हणून यंत्र पुढें ढकलतांना तें आपल्या चालीच्या डाव्या अंगास सरकूं पाहतें. शिरोरेघ डावीकडून उजवीकडे कोरतांना तें आपल्यापासून दूर, वरच्या बाजूस पळतें. तेव्हां आधाराची सरळ पट्टी रेघेच्या वरच्या बाजूस बांधावी, म्हणजे यंत्र पट्टीस चिकटून चालतें. पट्टी खालीं बांधिली तर तें तिला सोडून पळतें. हा अनुभव मीं खोक्याच्या हलक्या फळीवर घेतला. तीन दिवस तेथेंच गिरविलें. सहा दशकांनंतर पुन्हां धुळाक्षरें गिरवितांना बोटें किती आडमुठीं असतात तें समजलें. लांकडाच्या शिरा आडव्या असल्यानें शिरोरेघ सुलभ जाते, परंतु काना शिरा कापीत उतरतो व कडेच्या ढलप्या निघतात. 'ह'च्या वळणांत तर पातें क्षणांत शिरांबरोबर, क्षणांत शिरांआड. एक 'ह' मनासारखा होण्यास अकरा 'ह' बिघडले.

चौथ्या दिवशीं खऱ्या फळीस हात घातला. शिरोरेघ झाली, 'मा' झाला, 'हे' झाला. संध्याकाळ होत आली होती. "गुरुजी, बाकीचें उद्यां," असें विद्यार्थी म्हणाला. परंतु हात बसला आहे असें वाटून मीं पुढें चालविलें. यंत्राची बारीक पांढरी भुकटी फळीभर पसरली होती. त्या भुकटींत मला एक उभी रेघ स्वच्छ दिसली, तिच्यावर मीं यंत्र उतरविलें आणि एक सरळ, देखणा काना कोरून काढला. थोरल्या बंधूंची नात, तिसरींतली, दाराशीं उभी राहून पाहात होती. ती म्हणाली, "आजोबा, एक काना जास्त झाला."

खरेंच. 'हे' आणि 'र' यांमध्यें जी जागा मोकळी राहावयाची, तेथें काना उभा होता. आणि तो आला कोठून? माझ्या स्वतःच्या नांवांतून. पेन्सिल पुसली गेली होती, पण कडक टोंकानें लांकडावर उठलेला व्रण राहिला होता. भुकटी त्यांत भरली आणि तो उजळून दिसला.

मी मटकन् खालीं बसलों. फळी एकच, आणि तीवर दोन पिढ्या बसलेल्या. परंतु त्या क्षणीं मला आठवलें तें निराळेंच. हाच मुलगा सातवींत असतांना फळ्यावर एक शब्द लिहितांना काना विसरला होता. मीं सर्व वर्गासमोर म्हटलें होतें, "हातोडाच धर, लेखणी तुझ्या हातांत शोभत नाहीं." वर्ग हंसला. पुढच्या वर्षीं त्यानें शाळा सोडली. ती माझ्या शब्दांमुळें सोडली असें मी म्हणत नाहीं. घरीं गरज होती, बापाच्या हाताखालीं माणूस हवें होतें. परंतु तो शब्द मीं उच्चारला होता, आणि तोहि पुसतां येण्याजोगा नव्हता. आज त्याच्याच कारखान्यांत, त्याच्या देखत, माझा एक काना जास्त झाला होता. तो काय म्हणतो याची वाट पाहात मी खालीं मान घालून बसलों.

त्यानें यंत्र बंद केलें, फळीवरून तळहात फिरविला आणि म्हटलें, "लांकूड पुसतां येत नाहीं, गुरुजी, सांधतां येतें. उद्यां सकाळीं या."

सकाळीं त्यानें चिरलेलें टोंक पुढ्यांत घेतलें आणि रंग व शिरा जुळेल असा एक तुकडा निवडला. ठिगळाच्या शिरा फळीच्या शिरांच्याच दिशेनें गेल्या पाहिजेत. नाहीं तर पावसाळ्यांत एक फुगतो, दुसरा तसाच राहतो आणि सांधा उकलतो. काना ज्या खांचेंत होता ती त्यानें पटाशीनें सरळ कडांची केली, तुकडा किंचित् निमुळता तासला, सरस लावून ठोकून बसविला आणि रात्रभर आवळून ठेविला. दुसऱ्या दिवशीं रंधा मारल्यावर केसाएवढी सीमा तेवढी उरली. त्या दिवशीं मीं त्यास सातवींतल्या त्या शब्दाची आठवण करून दिली आणि चूक माझी होती असें सांगितलें. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "'र' राहिला आहे, गुरुजी. आतां तुम्हीं सकाळच्या उजेडांत कोरा." यापलीकडे तो कांहीं म्हणाला नाहीं, आणि मींहि अधिक अपेक्षा धरिली नाहीं.

रंगाविषयीं थोडें. खांचेंत आधीं पातळ रोगणाचा हात द्यावा, म्हणजे रंग शिरांतून पसरत नाहीं. मग रंग भरावा. तो कडेबाहेर गेला तरी चिंता नाहीं, वाळल्यावर पृष्ठभाग घांसला कीं अक्षर आपोआप स्वच्छ उठतें. शेवटीं जवसाचें तेल. तेलांत भिजलेलीं फडकीं चुरगाळून ठेवूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेऊं शकतात, यास्तव उघड्यावर पसरून वाळवावींत. पाटी भिंतीस चिकटवूं नये. मागें बोटभर अंतर ठेवावें, म्हणजे पावसाचें पाणी अडकत नाहीं. खिळे लोखंडी नकोत, पितळी स्क्रू घ्यावेत. केसाएवढी ती सीमा गडद रंगानें झांकावी काय, असें मीं वहिनींस विचारलें. त्या म्हणाल्या, "कशाला? राहूं द्या."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशीं पाटी दारावर चढली. यात्रेच्या दिवशीं सारीं जमलीं. धाकट्या बंधूंनीं पाटी पाहिली, मजकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां आंत गेले. पुतण्यानें छायाचित्र काढून घेतलें. सर्वांत शेवटीं थोरली बहीण गाडीतून उतरली. तिचें वय आतां शहात्तर; दृष्टि जवळजवळ गेली आहे. दाराशीं सगळीं कां थांबलीं हें तिला कळेना. वहिनींनीं तिचा हात धरून अक्षरांवर ठेविला. तिनें शिरोरेघेवरून बोट नेलें, मग एकेका अक्षरांत उतरविलें, आणि लहान मुलासारखें तोडून तोडून वाचलें, "मा—हे—र." तिचें बोट परत आलें आणि मध्यें त्या केसाएवढ्या सीमेवर थांबलें.

"इथें काय झालें होतें ग?"

"भाऊजींचा एक काना जास्त झाला होता," वहिनी म्हणाल्या.

सारीं हंसलीं, मीहि हंसलों. बहिणीनें मात्र बोट तेथून लवकर उचललें नाहीं.

जूनचा पाऊस सुरू होण्यापूर्वीं पाटीस तेलाचा एक हात द्यावयाचा आहे. तें काम तिसरींतल्या नातीनें आपणाकडे मागून घेतलें आहे.